तालमीची माती आणि पायांतला जोडा



वरळीच्या बीडीडी चाळींची ओळख मुंबईकरांना नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. १९२० सालीं, सर जॉर्ज लॉइड हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, सरकारनें शहराच्या वाढीसाठीं एक स्वतंत्र विकास खातें काढलें. आणि त्या खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांपैकीं १२१ एकट्या वरळीस होत्या. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक चाळींत ऐशीं खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि बांधकाम सिमेंट-काँक्रिटचें. या चाळींतील दाटीविषयीं, तेथल्या चळवळींविषयीं आणि तेथल्या माणसांविषयीं पुष्कळ बोललें गेलें आहे. आज मी बोलणार आहें तें एका अगदीं साध्या गोष्टीविषयीं: तेथें राहावयास आलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन बदलली, आणि त्याबरोबर त्याच्या व्यायामाचें काय झालें.

या चाळींच्या जागीं आतां उंच इमारती येत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतील नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. राहणी बदलली तसा व्यायामहि बदलला. तालमीची जागा जिमनें घेतली, जोडी-मुदगलाच्या जागीं लोखंडी तबकड्या आल्या, आणि धांवण्यासाठीं विजेवर फिरणारा पट्टा आला. त्यांतच गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवा जोडा आला आहे. याचा तळवा कागदासारखा पातळ. टांच उंचावलेली नाहीं. आंत मऊ गादी नाहीं. कांहीं जोड्यांना तर हातमोज्याप्रमाणें प्रत्येक बोटासाठीं निराळें घर असतें. अनवाणी चालल्याचा लाभ मिळावा आणि कांच-खडा मात्र टोंचूं नये, असा या जोड्याचा हेतु. तो घालणारा तरुण आपल्या बाजूनें इतिहासाची साक्ष काढतो. तो म्हणतो, “आमचे आजोबा तालमींत अनवाणीच मेहनत करीत, त्यांचे पाय कधीं मोडले?”

प्रश्न विचारण्यासारखा आहे. आजोबा अनवाणी मेहनत करीत, हें खरें. परंतु ते कशावर अनवाणी उभे असत, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. इतिहासाची साक्ष काढावयाची तर ती पुरती काढली पाहिजे.

कोल्हापूर, सातारा, कोंकण येथून माणसें गिरण्यांत कामास आलीं, तीं आपल्याबरोबर तालीम घेऊन आलीं. तालीम म्हणजे चार भिंती आणि मारुतीची मूर्ति एवढेंच नव्हे. तालमीचा प्राण म्हणजे तिचा हौदा. हौद्यांत तांबडी माती चाळून घातलेली असे. तींत तेल, ताक, हळद, लिंबू, कडुनिंबाचा पाला अशा वस्तु मिसळीत. ती माती बसून घट्ट झाली कीं निरुपयोगी. म्हणून ती वारंवार फावड्यानें खणून मोकळी करावी लागे. हें खणणें हीच नवशिक्याची पहिली मेहनत. पुष्कळ तालमींत वस्ताद नव्या पठ्ठ्याला लगेच लढतीला सोडीत नसे. त्याच्या हातीं प्रथम फावडें येई, मग जोर-बैठका, आणि पुष्कळ दिवसांनीं कुस्ती. माती निर्दोष होती असें मात्र कोणीं समजूं नये. मातींत धनुर्वाताचे जंतु असतात, आणि उघड्या जखमेला ती घातकच. परंतु पडणाऱ्या शरीराचा आणि आपटणाऱ्या टांचेचा धक्का पोटांत घेण्याचें जें काम आज जोड्यांतली गादी करते, तें काम तालमींत ती माती करीत होती.

हौद्याच्या काठावर फरशी असे आणि जोर-बैठका तेथें चालत, हेंहि खरें. पण साधे जोर काढतांना किंवा मुदगल फिरवितांना पाऊल जमिनीला टेकलेलें राहतें. तें वर उचलून खालीं आपटावें लागत नाहीं. आपटण्याचें, उडण्याचें, पडण्याचें काम मातींत. स्थिर उभें राहण्याचें काम फरशीवर. ही वांटणी कोणीं ग्रंथ वाचून केलेली नव्हती. ती अनुभवानें ठरलेली होती. तेव्हां तालमींतला पैलवान अनवाणी होता, असें म्हणणें अर्धसत्य आहे. त्याचा जोडा पायांत नव्हता, पायाखालीं पसरलेला होता.

गांवाकडच्या माणसाचेंहि तेंच. घांटावरचा शेतकरी शेतांत अनवाणी वावरे, पण दगडगोट्यांच्या वाटेनें बाजारास निघाला कीं जाड चामड्याच्या वहाणा पायांत घाली. ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती याच वहाणेची वंशज. तिची टांच फारशी उंच नसते. त्यामुळें पोटरीची शीर लहानपणापासून पुरती ताणली जाण्याची संवय त्या माणसाला आपोआप होई. आणखी एक गोष्ट येथें सांगणें मला कर्तव्य वाटतें. आपल्या समाजांत पुष्कळांचें अनवाणीपण हें व्यायामाचें तत्त्व नव्हतें. कोणाला दारिद्र्यामुळें वहाण मिळत नसे, आणि दलितांना तर कित्येक गांवांत वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या आळींतून जातांना पायांतली वहाण काढून हातांत घ्यावी लागे. वरळीच्या चाळींत ज्यांनीं बिऱ्हाडें मांडलीं, त्यांच्यापैकीं अनेकांच्या घरांत ही आठवण जिवंत होती. पायांत जोडा घालून ताठ मानेनें चालणें हें त्यांना मोठ्या कष्टानें मिळालें होतें. म्हणून पूर्वजांच्या अनवाणीपणाचे गोडवे गातांना, त्यांतलें स्वेच्छेचें किती आणि सक्तीचें किती, याचा विसर पडूं देऊं नये.

आतां धांवण्याकडे वळूं. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याचे सामने झाले, तेव्हां सर दोराबजी टाटा तेथें उपस्थित होते. शेतकरी कुटुंबांतलीं मुलें अनवाणी लांब पल्ल्याची शर्यत धांवतांना त्यांनीं पाहिलीं, आणि त्यांचा वेग पाहून ते चकित झाले. त्यांतूनच पुढच्या वर्षीं बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांना हिंदी खेळाडू पाठविण्याची कल्पना सिद्धीस गेली. बेळगांवकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे तेथें मॅरेथॉन धांवले आणि त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. पुढें १९६० सालीं रोम येथें हबसाणचा शिपाई अबेबे बिकिला यानें अनवाणी धांवून मॅरेथॉन जिंकली. जगभर त्याच्या उघड्या पायांचें कौतुक झालें. परंतु त्याच बिकिलानें १९६४ सालीं टोकियोची मॅरेथॉन पायांत बूट घालून जिंकली, आणि तीहि रोमपेक्षां तीन मिनिटें कमी वेळांत. ही दुसरी हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. बिकिलाचें यश उघड्या पायांत नव्हतें, तसेंच तें बुटांतहि नव्हतें. तें लहानपणापासून घडलेल्या पायांत होतें. चौगुल्यांच्या पिढीचे पाय असेच घडलेले होते.

जमीन बदलली कीं पायाचा पोशाखहि बदलावा लागतो, हें आपल्या खेळांच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातींत वाढलेले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें त्यांना मातीऐवजीं गादीवर कुस्ती खेळावी लागली. ही जमीन त्यांना अगदीं नवी होती; तरीहि त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. मग चार वर्षें त्यांनीं कसून मेहनत केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक जिंकलें. गादीवरचा मल्ल पायांत जो जोडा घालतो तो पातळ तळव्याचाच असतो, हें येथें लक्षांत घ्यावें. म्हणजे पातळ जोडा ही मुळांत कांहीं वाईट वस्तु नव्हे. खालीं गादी असली कीं तो योग्यच. कबड्डीचें तसेंच. गिरणगांवांतल्या मैदानांत पोरें अनवाणी मातींत खेळत. २०१४ सालापासून सुरू झालेल्या प्रो कबड्डीनें गादीवरची, बूट घालून खेळावयाची कबड्डी घरोघर पोहोंचविली. मातींत पाय थोडा घसरतो आणि धक्का जिरतो. गादीवर बुटाचा तळवा जागच्या जागीं धरून राहतो, आणि अंग वळलें पण पाय वळला नाहीं, तर पीळ गुडघ्याला पडतो. मातीवर अनवाणी पाय, गादीवर पातळ जोडा, अशा जोड्या अनुभवानें जमल्या. काँक्रिटवर पातळ जोडा ही जोडी मात्र कोणत्याच परंपरेनें जमविलेली नाहीं.

काँक्रिटवर काय घडतें हें समजण्यासाठीं थोडें लष्कराच्या इतिहासांत डोकवावें लागेल. १८५५ सालीं ब्राइटहाउप्ट नांवाच्या प्रशियन लष्करी वैद्यानें, लांब कूच करून आलेल्या शिपायांचे पाय पुढच्या भागीं सुजून दुखतात, अशी नोंद केली. मार लागलेला नाहीं, मुरगळलेला नाहीं, आणि तरी पाय दुखतो, कारण उमगेना. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीं लागला, आणि दोनच वर्षांत त्या किरणांनीं दाखविलें कीं या शिपायांच्या पावलांतील लांब हाडांना बारीक तडा गेलेला असतो. कूच करतां करतां हाड मोडतें, म्हणून इंग्रज डॉक्टरांनीं त्याला कुचाचा अस्थिभंग असेंच नांव दिलें. रोगी बहुधा नवे रंगरूट. जुना शिपाई तितकेंच चालूनहि धड राही.

याचें कारण हाडाच्या स्वभावांत आहे. मानवी पावलांत सव्वीस हाडें आहेत. त्यांपैकीं बोटांच्या मागचीं पांच लांब हाडें पुढच्या भागाचा भार वाहतात. हाड हें दगडासारखें मृत नसतें. नवा भार पडला कीं तें स्वतःला नव्यानें बांधूं लागतें. पण बांधण्याची रीत अशी, कीं आधीं जुना भाग पोंखरून काढावयाचा आणि मग त्या जागीं नवा भरावयाचा. जीर्ण चाळीची तुळई दुरुस्त करणारा गवंडी जसा आधीं फुगलेलें काँक्रिट फोडून काढतो, तसेंच हें. पोंखरण्याचें काम लवकर होतें, भरण्याचें काम सावकाश. त्यामुळें नवी मेहनत सुरू केल्यावर कांहीं आठवडे हाड पूर्वींपेक्षां कमजोर असतें. नेमक्या याच काळांत स्नायू बळावलेले असतात, दम वाढलेला असतो, उत्साह दांडगा असतो. आणि माणूस भार वाढवितो. तडा जातो तो येथें.

या पार्श्वभूमीवर पातळ जोड्याचा अलीकडचा इतिहास पाहावा. २००९ सालीं ख्रिस्टोफर मॅकडूगल या अमेरिकन लेखकाचें एक पुस्तक निघालें. मेक्सिकोच्या डोंगरांतील ताराहुमारा लोक पायांत पातळ वहाणा घालून कोसच्या कोस धांवतात, याचें वर्णन त्यांत होतें. तें अतिशय खपलें. २०१० च्या आरंभीं हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन यांनीं असें दाखविलें कीं, केनियांतील जन्मापासून अनवाणी धांवणारीं माणसें टांचेवर न उतरतां पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात, आणि त्यामुळें जमिनीचा पहिला कडक ठोसा त्यांना बसत नाहीं. त्यामुळें दुखापती कमी होतात असा निष्कर्ष मात्र त्या लेखांत काढलेला नव्हता. तो बाजारानें काढला. पातळ जोडे विकले जाऊं लागले, आणि ज्यांचे पाय जन्मभर जाड तळव्यांत वाढले होते अशीं माणसें एका रात्रींत ताराहुमारा बनूं पाहूं लागलीं.

लवकरच डॉक्टरांकडे रोगी येऊं लागले. अमेरिकेंतील ब्रिगम यंग विद्यापीठांत एक प्रयोग झाला. तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. संवय असलेले छत्तीस धांवपटू घेऊन त्यांतील एकोणीस जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ जोड्यांत आणलें. उरलेले सतरा आपल्या नेहमींच्या जोड्यांत धांवले. शेवटीं सर्वांच्या पायांचीं चुंबकीय चित्रें घेतलीं. पातळ जोड्यांतील एकोणिसांपैकीं दहा जणांच्या हाडांत मज्जेची सूज वाढलेली आढळली; नेहमींच्या जोड्यांतील सतरांपैकीं केवळ एकाच्या. ही सूज म्हणजे तडा नव्हे, पण तड्याच्या वाटेवरची खूण आहे. ऑस्ट्रेलियांतील २०१७ सालच्या एका प्रयोगांत असेंहि दिसलें कीं, शरीराचें वजन जास्त असेल तर पातळ जोड्यांत दुखापतीचें भय वाढतें. मध्यंतरीं, २०१४ सालीं, असे जोडे करणाऱ्या व्हायब्राम या कंपनीनें, आरोग्याचे दावे पुराव्यावांचून केल्याच्या फिर्यादींत, साडेसदतीस लक्ष डॉलरांची तडजोड केली. दोष मात्र कबूल केला नाहीं.

याचा अर्थ जाड गादीचा जोडा हा तारणहार आहे, असाहि नव्हे. जाड जोड्यांतहि धांवपटू जायबंदी होतात. पाऊल टांचेवर आपटलें तर धक्का नडगी-गुडघ्याकडे जातो. पुढच्या भागावर उतरलें तर भार पोटरी, टांचेमागची जाड शीर आणि पावलांतलीं लांब हाडें यांवर पडतो. म्हणजे जोडा बदलल्यानें भार नाहींसा होत नाहीं; तो जागा बदलतो. आणि ज्या जागेला तो उचलण्याची संवय नाहीं, तेथें दुखणें उभें राहतें.

आतां जिममधील व्यायामांची निवड याच कसोटीवर करतां येईल. जड वजन उचलतांना किंवा खांद्यावर घेऊन बैठक मारतांना पाऊल जमिनीला चिकटलेलें असतें. तेथें सपाट, पातळ तळवा उपयोगीच पडतो. मऊ गादीवर उभें राहून वजन पेलणें म्हणजे वाळूंत खांब रोवण्यासारखें. आपला फरशीवरचा जोर काढणारा पैलवान हेंच करीत होता. धोका आहे तो दोरीवरच्या उड्या, पेटीवर चढ-उतार करीत मारलेल्या उड्या, आणि फिरत्या पट्ट्यावरची लांब धांव यांत. खालीं रबराचें पातळ आवरण आणि त्याखालीं काँक्रिट. मातीचें काम करणारें तेथें कोणी नाहीं. शिवाय तालमींतला मुदगल लाकडाचा, आणि तो सहसा हातांतून निसटत नसे. लोखंडी तबकडी मात्र चढवितां-उतरवितांना पायावर पडते. वीस किलोची तबकडी बोटांवर पडली, तर कागदी जोडा कसलाच आडोसा देत नाहीं.

एका वर्गाला तर मी निक्षून सांगेन कीं या वाटेला जाऊंच नये. मधुमेहानें ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांच्यासाठीं अनवाणी पाय किंवा पातळ तळवा हें प्रत्यक्ष संकट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वेल्लोर येथें डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम केलें. त्यांनीं दाखवून दिलें कीं, रोग्यांचीं बोटें मुख्यतः रोगानें झडत नाहींत. दुखणें जाणवत नसल्यामुळें ठेंच, भाजणें, घासणें याकडे दुर्लक्ष होऊन तीं जातात. म्हणून अशा रोग्यांसाठीं मऊ रबराच्या तळव्याच्या चपला तयार करण्यांत आल्या, आणि पुढें मधुमेह्यांनाहि त्याच कामीं आल्या. वेदना ही पायाची पहारेकरी आहे. जेथें पहारेकरी झोंपलेला आहे, तेथें दार उघडें टाकणें शहाणपणाचें नव्हे.

ज्यांचे पाय धड आहेत, त्यांना पातळ जोडा वर्ज्य नाहीं; परंतु तो वस्तादाच्या रीतीनें घ्यावा. प्रथम घरांत आणि साध्या चालण्यांत तो वापरावा. मग स्थिर उभें राहून करावयाच्या व्यायामांत. धांव किंवा उड्या घ्यावयाच्याच तर आरंभीं कांहीं मिनिटेंच, एक दिवसाआड, आणि मैदानाच्या मातीवर किंवा गवतावर. बाकीचें अंतर जुन्याच जोड्यांत. हा पालट आठवड्यांचा नसून महिन्यांचा आहे असें धरून चालावें. पोटरी जड होणें हें साहजिक. पण पावलाच्या वरच्या बाजूस, बोट ठेवून दाखवितां येईल अशा एकाच जागीं दुखूं लागलें, आणि तें चालतांना वाढत गेलें, तर व्यायाम त्याच दिवशीं थांबवावा व डॉक्टरांना दाखवावें. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रांत असा तडा पुष्कळदां दिसत नाहीं. म्हणून “फोटोंत कांहीं नाहीं” एवढ्यावर पुन्हां उड्या मारावयास लागूं नये.

आजोबांची साक्ष काढणाऱ्या तरुणाला तेव्हां उत्तर असें आहे. आजोबांचे पाय उघडे होते, पण त्यांच्यामागें बालपणापासूनची संवय होती, त्यांच्याखालीं खणलेली माती होती, आणि घाई करूं न देणारा वस्ताद होता. या तीन गोष्टींपैकीं एकहि दुकानांत जोड्याबरोबर मिळत नाहीं. संवय आणि सबुरी आपल्याला अजून मिळवितां येईल. मातीचें मात्र निराळें आहे. जेथें नव्या वसाहती उभ्या राहत आहेत, तेथें सगळी जमीन फरशीनें आणि मोटारींच्या जागेनें झांकून टाकण्यापूर्वीं, मुलांना अनवाणी धांवतां येईल एवढी माती मोकळी ठेवण्याचा आग्रह रहिवाशांनींच धरला पाहिजे. वरळीच्या चाळींना जांबोरी मैदानाचा शेजार होता. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा पाय आज अशा मैदानांत रोज थोडा उघडा पडला, तर पंचविसाव्या वर्षीं त्यानें कोणता जोडा घालावा याची चिंता फारशी उरणार नाहीं.